वाळूत घोटलेलं आतडं

जेवणानंतर आपल्या जठरात जो लगदा तयार होतो, तो तसा जहाल माल आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल, पेप्सिन आणि अर्धवट विरघळलेलं अन्न. जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा जाड थर असतो, म्हणून जठर स्वतः त्यात शिजून निघत नाही. पण हाच लगदा जठराच्या खालच्या दारातून थोडा थोडा पुढे सरकतो आणि लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, ड्युओडेनममध्ये उतरतो. तिथे इतकं भक्कम संरक्षण नाही. तरी रोज दोन-तीनदा होणारा हा आम्लाचा मारा आतडं मुकाट्याने सोसतं, कारण शेजारी आडवं पडलेलं स्वादुपिंड बरोबर त्याच वेळी आपल्या नळीतून अल्कधर्मी रस सोडतं. आम्लाचा जोर मोडतो आणि त्या रसातली विकरं अन्नाच्या पुढच्या कामाला लागतात. दिवसाकाठी हा रस एक ते दीड लिटर भरतो.

स्वादुपिंडाला आम्ल कधी शिवत नाही. मग आम्ल आलं, ही खबर त्याला कोण देतं?

या प्रश्नाचं उत्तर 1900 साली युरोपातल्या कोणत्याही शरीरक्रियाशास्त्रज्ञाने न अडखळता दिलं असतं: मज्जातंतू. आणि ते उगीच नव्हतं. त्याआधीच्या पन्नास वर्षांत ग्रंथींबद्दल जे जे पक्कं कळलं होतं, त्यातलं बरंचसं मज्जातंतूंच्या वाटेनेच कळलं होतं. ग्रंथी म्हणजे रक्त गाळणारी चाळण, अशी जुनी समजूत होती. रक्ताच्या दाबाने द्रव झिरपतो, तोच अश्रू, तोच घाम, तीच लाळ. 1851 मध्ये कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने लाळग्रंथीच्या मज्जातंतूला विजेची टोचणी दिली आणि लाळेच्या नळीतला दाब मोजला. तो धमनीतल्या रक्ताच्या दाबापेक्षा जास्त निघाला. चाळणीतून गळणाऱ्या पाण्याचा दाब चाळणीवरच्या पाण्यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे ग्रंथी गाळत नव्हती, ती स्वतः राबून लाळ तयार करत होती आणि बाहेर ढकलत होती. आणि हुकूम येत होता मज्जातंतूतून.

हा हुकमाचा सिद्धांत रशियात इवान पावलोवने पार टोकाला नेला. पावलोव म्हटलं की आपल्याला घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा आठवतो, पण त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनग्रंथींवरच्या कामासाठी. सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्याची प्रयोगशाळा एखाद्या कारखान्यासारखी चाले. डझनावारी शिष्य, प्रत्येकाला नेमून दिलेला प्रश्न, आणि शस्त्रक्रियेतून बरे होऊन महिनोन्‌महिने जगणारे कुत्रे. त्याचा हात शल्यविशारदाचा होता. कुत्र्याची अन्ननलिका गळ्यातच बाहेर उघडायची, म्हणजे गिळलेला घास जठरात न जाता खाली ताटलीत पडतो. आणि जठराला वेगळं भोक पाडून नळी बसवायची. कुत्रा आनंदाने खात राहतो, जठरात कणभरही अन्न पोचत नाही, तरी नळीतून स्वच्छ जठररस वाहू लागतो. व्हेगस मज्जातंतू कापला की तो थांबतो. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा! (हा जठररस गाळून अपचनाच्या रोग्यांना औषध म्हणून विकलाही जाई आणि प्रयोगशाळेला त्यातून चांगली कमाई होत असे.)

1894 मध्ये पावलोवचा शिष्य दोलिन्स्की याने दाखवलं की ड्युओडेनममध्ये आम्ल सोडलं की स्वादुपिंडाचा रस धो धो वाहतो. पावलोवला यात नवल वाटलं नाही. आतड्याला आम्ल लागलं, मज्जातंतूने वर्दी दिली, उलट हुकूम आला, ग्रंथी कामाला लागली. एक प्रतिक्षिप्त क्रिया, बाकी काही नाही.

गाडं अडलं ते नंतर. पावलोवचाच आणखी एक शिष्य पोपिएल्स्की, आणि फ्रान्समधल्या लील शहरात वेर्तहायमर आणि लपाज ही जोडी, यांनी आपापल्या ठिकाणी मज्जातंतू कापायला सुरुवात केली. व्हेगस कापला, रस वाहतच राहिला. पोटाकडचे दुसरे मज्जातंतू कापले, तरी वाहतो. मज्जारज्जूच निकामी केला, तरी आम्ल घातलं की रस हजर. आता हुकूम येतो कुठून? दोन्हीकडच्या मंडळींनी निष्कर्ष काढला तो असा: मेंदू आणि मज्जारज्जू यात नसतील, तर आतडं आणि स्वादुपिंड यांच्या मधोमध असलेल्या मज्जातंतूंच्या बारीक गाठीच ही प्रतिक्षिप्त क्रिया परभारे उरकत असणार. लीलच्या जोडीने शहाणपणाने एक दुसरी शक्यताही तपासली. आम्ल आतड्यातून रक्तात शोषलं जाऊन थेट स्वादुपिंडाला डिवचत असेल का? त्यांनी आम्ल सरळ रक्तात टोचलं. काहीच झालं नाही. रक्ताची वाट त्यांच्या मते तिथेच बंद झाली.

हा टप्पा मला या सगळ्या कथेत सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. माहिती पूर्ण होती. प्रयोग नीट केलेले होते. त्यांतून निघणारं सरळ उत्तर समोर पडलेलं होतं, आणि तीन हुशार माणसं त्याला वळसा घालून पुढे गेली. मज्जातंतू दिसत नसेल तर तो लपलेला असला पाहिजे, इतका त्या काळी मज्जातंतूंचा दरारा होता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हे निबंध वाचणारे दोघे जण एकमेकांचे नातलग होते. विल्यम बेलिस हा थोरला, लोखंडाच्या धंद्यात गबर झालेल्या बापाचा मुलगा, मितभाषी, दाढीवाला, पुस्तकात आणि उपकरणात बुडालेला. अर्नेस्ट स्टार्लिंग त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, देखणा, तडक बोलणारा, मनात आलं की लगेच करून मोकळा होणारा. त्याचे वडील बॅरिस्टर होते आणि त्यांची नोकरी मुंबईत होती, क्लार्क ऑफ द क्राउन म्हणून. इकडच्या फौजदारी कायद्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. रजा मिळेल तेव्हा, दर काही वर्षांनी, ते विलायतेला घरी जात, त्यामुळे पोरं वाढली ती आईच्या हाताखाली. 1893 मध्ये बेलिसने स्टार्लिंगच्या बहिणीशी, गर्ट्रूडशी लग्न केलं. तोवर मेहुणे-मेहुणे प्रयोगशाळेतही जोडीने काम करू लागलेले होते. एकाला घाई, दुसऱ्याला सबुरी. अशी जोडी जमली तर काम होतं, नाही जमली तर घरात बोलणं बंद होतं. यांची जमली.

त्यांनी ठरवलं ते साधं होतं. ती आतडं आणि स्वादुपिंड यांच्यामधली स्थानिक प्रतिक्षिप्त क्रिया जरा जवळून पाहायची. त्यांना पावलोवला खोटं पाडायचं होतं असं कुठे दिसत नाही. अडचण एवढीच होती की ड्युओडेनम आणि स्वादुपिंड एकमेकांना इतके बिलगून आहेत, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचं जाळं इतकं गुंतलेलं आहे, की एकाला दुसऱ्यापासून मज्जातंतूंपुरतं तोडणं अशक्यच. म्हणून त्यांनी खालचा भाग निवडला, जेजुनम. तिथेही आम्ल घातल्यावर रस वाहतो हे लीलवाल्यांनी दाखवलेलं होतं, आणि तो भाग स्वादुपिंडापासून पुरेसा लांब होता.

16 जानेवारी 1902. टेबलावर साधारण सहा किलो वजनाची कुत्री, आधी मॉर्फिन टोचलेलं, मग हुंगवून भूल दिलेली, शरीर कोमट मिठाच्या पाण्यात, श्वास यंत्राने चालू ठेवलेला. स्वादुपिंडाच्या मोठ्या नळीत एक बारीक नळी बसवली होती. तिच्या टोकाशी जमणारा रसाचा थेंब खालच्या छोट्या चकतीवर पडला की चकतीला जोडलेली तरफ हलायची आणि काजळी धरवलेल्या कागदावर एक खूण उमटायची. कागद ढोलावर गुंडाळलेला, ढोल संथ फिरणारा. गळ्याच्या धमनीतला रक्तदाबही त्याच कागदावर वेडावाकडा लिहिला जात होता. म्हणजे वाद झाला तर साक्ष कागदाची.

दोन्ही व्हेगस कापून झाले. पोटातल्या मोठ्या धमन्यांभोवतीचे मज्जातंतूंचे झुबके काढून टाकले. मग जेजुनमचा एक वेढा दोन्ही टोकांना बांधला, आणि त्या वेढ्याला येणारा एकेक मज्जातंतू आतड्याच्या पातळ पडद्यातून सोडवून कापला. हे काम वेळखाऊ आहे. पडदा ओला, तंतू केसासारखे, शेजारीच रक्तवाहिन्या, आणि एकही रक्तवाहिनी दुखवायची नाही. शेवटी तो वेढा उरलेल्या देहाशी जोडलेला राहिला तो फक्त धमन्या आणि शिरांनी.

आधी तुलनेसाठी ड्युओडेनममध्ये 0.4 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं, 20 घनसेंटिमीटर. जठरातल्या आम्लाइतकंच ते तीव्र. अपेक्षेप्रमाणे दर 20 सेकंदांना एक थेंब, सुमारे सहा मिनिटं. यात नवीन काही नव्हतं. मग त्या तोडलेल्या वेढ्यात तेच आम्ल, 10 घनसेंटिमीटर.

पावलोवचं म्हणणं खरं असेल तर कागदावर काही उमटायला नको होतं. आतडं मुकं झालं होतं, वर्दी द्यायला त्याच्याकडे एकही तार शिल्लक नव्हती. आणि तरफ हलली. थेंब पडू लागले, अगदी पहिल्यासारखे.

त्या दिवशी चार्ल्स मार्टिन नावाचा एक शास्त्रज्ञ तिथे हजर होता. पुढे काही वर्षांनी हाच मार्टिन प्लेगच्या संशोधनासाठी मुंबईला आला. त्याने त्या दुपारची आठवण लिहून ठेवली आहे, म्हणून पुढचं आपल्याला माहीत आहे. स्टार्लिंग तिथल्या तिथे उद्गारला की असं असेल तर ही प्रतिक्षिप्त क्रिया रासायनिक असली पाहिजे. आणि बोलून थांबला नाही. त्याने जेजुनमचा आणखी एक तुकडा कापला, आतलं अस्तर खरवडलं, वाळू आणि तेच सौम्य आम्ल घालून खलात खसाखसा घोटलं. वाळू अशासाठी की पेशी फुटाव्यात. तो रबडा कापसातून गाळला, कारण चांगल्या गाळणीपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता, आणि तो गाळलेला अर्क मानेच्या शिरेत टोचला.

आधी रक्तदाब एकदम कोसळला. कुत्री हातची जाते की काय असं वाटण्याजोगा. मग काही नाही. सुमारे सत्तर सेकंद कागदावर काळी काजळी तशीच कोरी फिरत राहिली. आणि मग थेंब सुरू झाले, सुरुवातीला ड्युओडेनममध्ये आम्ल सोडल्यावर मिळाला होता त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने.

तोडलेल्या आतड्याच्या अस्तरात काहीतरी होतं. आम्लाच्या स्पर्शाने ते सुटत होतं, रक्तात मिसळत होतं, आणि रक्ताबरोबर फिरत फिरत स्वादुपिंडाला गाठून त्याला कामाला लावत होतं. लीलच्या जोडीने रक्तात आम्ल टोचून पाहिलं होतं, निरोप्याला सोडून दारावर टकटक करणाऱ्यालाच आत पाठवलं होतं. त्यामुळे काही झालं नाही यात आश्चर्य नव्हतं.

आता ही एका क्षणाची प्रतिभा म्हणायची का? थोडी होतीच. पण वाटून मग टोचणं ही रीत त्या इमारतीला नवीन नव्हती. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याच कॉलेजात जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी अधिवृक्क ग्रंथीचा अर्क शिरेत टोचला होता आणि रक्तदाब उसळताना पाहिला होता. शेफरच्याच खुर्चीवर 1899 मध्ये स्टार्लिंग बसला. 1891 मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क देऊन सुजलेल्या, सुस्तावलेल्या रुग्ण बाईला माणसात आणलं होतं. त्याही आधी, 1849 मध्ये, गॉटिंगेनच्या बेर्टहोल्डने खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवून दाखवलं होतं की मज्जातंतू तुटले तरी तुरा वाढतो, आरवणं परत येतं आणि भांडणंही. आणि लोकांनी ते वाचून बाजूला ठेवलं होतं. म्हणजे नळी नसलेल्या ग्रंथी रक्तात काही सोडतात ही कुजबुज होती. फक्त पचनसंस्था हा पावलोवचा मुलूख मानला जाई, आणि तिथे ही भाषा कोणी बोलत नव्हतं. शिवाय आतड्याचं अस्तर ही ग्रंथी आहे असं तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अन्न शोषणारी एक कातडी, तीच आतून दुसऱ्या ग्रंथीला निरोप धाडते, हा खरा धक्का होता.

आठवडा उलटायच्या आत दोघांनी रॉयल सोसायटीला छोटं टिपण दिलं. मग बेलिसची सबुरी कामी आली. स्टार्लिंगने एका दुपारी जे पाहिलं, ते पुढे कित्येक महिने उलटून सुलटून तपासलं गेलं. अर्क उकळला, तरी त्याचं काम तसंच राहिलं, म्हणजे ते विकर नव्हतं, विकरं उकळल्यावर मरतात. आतड्याच्या खालच्या टोकाचं अस्तर घोटून टोचलं, परिणाम जवळजवळ शून्य. रक्तदाब पाडणारा पदार्थ वेगळाच होता आणि तो बाजूला काढता आला. मांजर, ससा, माकड, कोणाचंही आतडं घ्या, अर्क कुत्र्याच्या स्वादुपिंडाला चालतो. सप्टेंबर 1902 मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या इंग्रजी नियतकालिकात त्यांचा लांबलचक निबंध आला. पदार्थाला नाव दिलं सिक्रेटिन.

ही बातमी पीटर्सबर्गला पोचली तेव्हा पावलोवच्या आयुष्यभराच्या मांडणीलाच हात घातला गेला होता. त्याने प्रतिवाद लिहिला नाही, प्रयोग लावला. साविच नावाच्या शिष्याला बेलिस-स्टार्लिंगचा प्रयोग जसाच्या तसा करायला सांगितला आणि स्वतः शिष्यांसोबत उभा राहून पाहिला. त्या शिष्यांपैकी बाबकिनने पुढे तो प्रसंग लिहिला. अर्क टोचला गेला, रस वाहू लागला, कोणी काही बोललं नाही. पावलोव मुकाट्याने आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि म्हणाला की त्यांचं बरोबर आहे, आणि सत्य शोधण्याचा मक्ता काही आपण एकट्याने घेतलेला नाही.

अर्धा तास. मोठ्या माणसांना आपलं मत सोडायला किती वर्षं लागतात याचे नमुने आपल्याकडे कमी नाहीत, त्या मानाने हा वेळ फारच थोडा. तसं पाहिलं तर पावलोवचं सगळं काही बुडालंही नव्हतं. जठररसाच्या बाबतीत व्हेगसचा हुकूम खराच आहे. स्वादुपिंडातून विकरं सोडायलाही व्हेगस हातभार लावतो. सिक्रेटिनच्या इशाऱ्यावर येतो तो मुख्यतः पाणी आणि बायकार्बोनेट यांचा पातळ रस. विकरांसाठी आतडं दुसराच एक संदेश पाठवतं, कोलेसिस्टोकायनिन नावाचा, जो पित्ताशयही आकुंचित करतो आणि ज्याचा माग 1928 मध्ये लागला. म्हणजे एकाच ग्रंथीला मज्जातंतूही हाकतात आणि रक्तही.

पण कुत्र्यांच्या बाजूने कोणी बोलणार होतं की नाही? बोललं, आणि तेही बेलिसला चांगलं महागात पडेल असं. 2 फेब्रुवारी 1903 रोजी त्याने युनिव्हर्सिटी कॉलेजात सुमारे साठ विद्यार्थ्यांपुढे एका तपकिरी कुत्र्यावर प्रात्यक्षिक केलं. विषय लाळग्रंथीचा, लुडविगने पन्नास वर्षांपूर्वी दाखवलं तेच: लाळेचा दाब रक्ताच्या दाबावर अवलंबून नसतो. अर्धा तास मज्जातंतूला वीज देऊनही ते त्या दिवशी जमलं नाही. त्याच कुत्र्यावर डिसेंबरात स्टार्लिंगने स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया केलेली होती. बाकांवर लिझी लिंड-आफ-हागेबी आणि लाइसा शार्टाऊ या दोन स्वीडिश तरुणी बसल्या होत्या, प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधक. त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहिलं की कुत्रा शुद्धीवर होता आणि धडपडत होता. स्टीफन कोलरिज या वकिलाने जाहीर सभेत तो आरोप उचलून धरला. बेलिसने बदनामीचा दावा लावला, नोव्हेंबर 1903 मध्ये जिंकला, 2000 पौंड भरपाई मिळाली, आणि ती त्याने कॉलेजच्या संशोधनाला देऊन टाकली. एकाच प्राण्यावर दोनदा काम करून इंग्रजी कायद्याची मर्यादा मात्र ओलांडली गेली होती, हे स्टार्लिंगला साक्षीत मान्य करावं लागलं.

प्रकरण तिथे संपलं नाही. 1906 मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या तपकिरी कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. वैद्यकीचे विद्यार्थी तो पाडायला निघाले, कामगार आणि मताधिकारवाल्या बायका त्याच्या राखणीला उभ्या राहिल्या, 1907 च्या डिसेंबरात शहराच्या मध्यभागी दंगे झाले. अखेर मार्च 1910 मध्ये सव्वाशेच्या आसपास पोलिसांच्या बंदोबस्तात तो रातोरात हलवला गेला. 1985 मध्ये तिथल्या बागेत नवा बसवला. माझं मत विचाराल तर कोर्टाचा निकाल आणि पुतळा दोन्ही आपापल्या जागी ठीक होते. सिक्रेटिन कुत्र्यांशिवाय सापडलं नसतं हे खरं, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं हेही खरं.

जून 1905 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये स्टार्लिंगने चार व्याख्यानं दिली. सिक्रेटिन, अधिवृक्काचा अर्क, थायरॉइडचा अर्क, अंडाशय आणि गर्भ यांचे परस्परांवरचे परिणाम, असे एकमेकांपासून लांब पडलेले तुकडे त्याने एका सूत्रात ओवले: एका अवयवात तयार होऊन रक्तातून दुसऱ्या अवयवाला कामाला लावणारी रसायनं. त्यांना त्याने हॉर्मोन म्हटलं. आपली पाठ्यपुस्तकं संप्रेरक म्हणतात.

ही रचना पहिल्यांदा विचित्र वाटते. स्वादुपिंड आतड्याला अक्षरशः टेकलेलं आहे. तरी आतड्याच्या अस्तरातल्या एस पेशींनी सोडलेलं सिक्रेटिन तिकडे सरळ जात नाही. ते शिरेतून यकृतात जातं, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात, फुप्फुसात, परत हृदयाच्या डाव्या कप्प्यात, आणि तिथून धमनीने साऱ्या शरीरात, त्यातलं थोडंसं स्वादुपिंडात. गावात दवंडी पिटली की सगळ्या आळ्यांना ऐकू जाते, पण ज्याची थकबाकी आहे तोच चावडीवर जातो, तसं हे आहे. रक्तातलं सिक्रेटिन डोळ्यालाही भेटतं आणि अंगठ्यालाही. पण त्याला धरणारे ग्राही ज्या पेशींवर आहेत, मुख्यतः स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या पेशींवर, त्याच हलतात. रस आला, आम्ल मारलं गेलं, की एस पेशींना डिवचणारं काही उरत नाही आणि दवंडी आपोआप थांबते. सुमारे 4.5 च्या खाली पीएच उतरला की सुरू, वर चढला की बंद. हुकूम देणारा आणि थांबवणारा एकच, ते आम्ल.

याच धर्तीवर 1905 मध्येच जॉन एडकिन्सने जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन हे आम्ल सुटायला लावणारं संप्रेरक सापडल्याचं जाहीर केलं. त्याच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. पुढे हिस्टामीनही आम्ल सोडायला लावतं हे कळलं, तेव्हा त्याचं गॅस्ट्रिन म्हणजे हिस्टामीनच असं ठरवून लोक मोकळे झाले. 1964 मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं केलं, तेव्हा एडकिन्स खरा ठरला. तोवर त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

बेलिस आणि स्टार्लिंग दोघांनाही नोबेल मिळालं नाही. बेलिसला 1922 मध्ये 'सर' केलं, 1924 मध्ये तो गेला. स्टार्लिंग तब्येतीसाठी समुद्रसफरीला निघाला असताना 1927 मध्ये जमैकाच्या किंग्स्टन बंदरात बोटीवर वारला, आणि तिथेच पुरला गेला. सिक्रेटिन मात्र त्यांच्या हयातीत कधी शुद्ध स्वरूपात हाती आलंच नाही. ते काम स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत योर्पेस आणि मुट यांनी हजारो डुकरांची आतडी उकळून 1960 च्या दशकात केलं. 27 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. आज तिचा उपयोग प्रामुख्याने तपासणीसाठी होतो: सिक्रेटिन शिरेत द्यायचं आणि स्वादुपिंड किती रस देतं ते पाहायचं. स्टार्लिंगने त्या दुपारी जे केलं तेच, फक्त वाळू वगळून.

या तपासणीतूनच अलीकडे एक वेगळी कथा जन्मली. 1998 मध्ये अमेरिकेत पोटाच्या तक्रारींसाठी सिक्रेटिन दिलेल्या तीन स्वमग्न मुलांचं बोलणं आणि वागणं सुधारल्याचं वृत्त आलं. दूरचित्रवाणीने ते उचललं, आणि हताश पालकांनी रांगा लावल्या. तीन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, पण ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता. वर्षभरात साठ मुलांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं ते पालकांनाही माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गट सारखेच सुधारले. निकाल कळल्यावरही 69 टक्के पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. त्यानंतर एकूण सोळा चाचण्या आणि नऊशेहून जास्त मुलं झाली, तरी उत्तर बदललं नाही. तेव्हा स्वमग्न मुलासाठी सिक्रेटिनचं इंजेक्शन कोणी सुचवलं, मग तो कितीही मोठा डॉक्टर असो, तर सरळ नाही म्हणा.